बिनआवाजाची मशीन

एक शब्द तोंडाने बोलायचा होता. तो जमला नाही म्हणून आमच्या सरांनी अख्खी मशीन खोलली. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा, मी तर म्हणून म्हणून थकली.

सर म्हणजे माझा नवरा, दत्तात्रय. सौंसरच्या शाळेत पोरांना भौतिकशास्त्र शिकवून रिटायर झाले. गावात सगळे सर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मी स्वतः अजून प्राथमिक शाळेत आहे. दिवसभर पोरं, त्यात सर्वे, त्यात मीटिंगा, अन् घरी आलं की पाय म्हणतात बस अन् गॅस म्हणतो उठ. अशा घरात मागच्या खोलीत या माणसाने मशीन आणून ठेवली. मिलिंग मशीन म्हणतात तिला, टेबलावर मावते एवढी, लोखंड-पितळ कोरायची. कशाला म्हणाल तर कशालाच नाही. घड्याळाची चाकं कर, खेळण्यातलं इंजिन कर, माझ्या कुकरची मूठ बसवून दे. कमाई ना धंदा, नुसता नाद.

नाद चांगला होता हो, आवाज वाईट होता. तिच्या आत प्लॅस्टिकचे गिअर होते. सुरू झाली की वाटायचं कोणी जात्यात खडे टाकून दळून राहिलं. रोज दुपारची झोप झाली की सर उठत, अन् माझा चहा व्हायच्या आत घरघर सुरू. त्या खोलीची मागची भिंत म्हणजे पलीकडे माझ्या भासऱ्यांचं घर.

भासरे म्हणजे यांचे मोठे भाऊ, गजाननराव. एकाच घराचे दोन भाग झाले, मधात ही भिंत. तिकडे ते अन् माझ्या मोठ्या जाऊबाई राहत. मागच्या वर्षी उन्हाळ्यात जाऊबाई गेल्या. तेरवी झाली, पाहुणे पांगले, अन् दुसऱ्याच दिवशी दुपारी आमच्या सरांनी मशीन सुरू केली. काहून केली ते मला माहीत आहे. वहिनीने यांना आईच्या मायेने वाढवलं होतं. रडता येत नव्हतं, मग हात कुठेतरी गुंतवले. पण भिंतीपलीकडच्या माणसाला ते कसं समजावं? भासरे अंगणात येऊन म्हणाले, "दत्तू, माह्या घरातलं माणूस गेलं अन् तुले मशीन सुचून राहिली?" सर काही बोलले असते तर भांडण झालं असतं, अन् भांडण झालं असतं तर मिटलंही असतं. हे चूप राहिले. ते वळून निघून गेले. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद.

मी मधात पडली असती, पण माझी वेगळीच अडचण. आमच्याकडे भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, भासऱ्याशी बोलत नाही. पदर घ्यायचा, वाटेतून बाजूला व्हायचं, समोर उभं राहून तोंड उघडायचं नाही. आता कोण पाळते? माझी सून धनश्री तर तिच्या भासऱ्याला व्हॉट्सॲपवर जोक पाठवते. पण मी लग्न होऊन आली तेव्हापासून पाळलं, अन् आता म्हातारपणी जीभ वळत नाही. जाऊबाई होत्या तोवर सगळे निरोप त्यांच्या हाती जायचे. त्या गेल्यावर आम्ही मांजर मधात घातली. त्यांचीच मांजर, मनी. मी भाजीची वाटी भासऱ्यांच्या ओट्यावर ठेवायची अन् मांजरीला सांगायचं, "मने, भरीत आहे म्हणा, गरम आहे तोवर खा." भासरे आतून मांजरीला सांगायचे, "मने, मीठ जास्त झालं म्हणा." त्या मांजरीच्या डोक्याला काय ताप होत असेल ते तिलाच ठाऊक.

असे दोन-तीन महिने गेले अन् मग ठोकणं सुरू झालं. इकडे मशीन सुरू झाली की तिकडून भिंतीवर काठी. ठक ठक, जरा थांबून ठक. सर लगेच बटण बंद करत. कॉपी करताना धरलेल्या पोराचं जसं होते तसं तोंड करून बसत. मग थोड्या वेळाने हळूच पुन्हा सुरू करत, तर तिकडून काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे वर्षभर चाललं. मी म्हणायची, "एवढं लागते मनाला तर जा ना. चार पावलांवर दार आहे. दादा, चुकलं म्हणा, झालं." हे म्हणत, "रोज भिंतीवर काठी मारून राहिला तो. तो काय ऐकन माझं?" मग मी आपली कणीक भिजवायला बसायची.

दसऱ्याच्या आसपास भासऱ्यांची मुलगी मृणाल भोपाळहून आली. जाताना आमच्या ओट्यावर उभी राहून म्हणाली, "काकू, बाबांना मी घेऊन जाते. आता एकटं नाही ठेवत. तुळशीचं लग्न झालं की गाडी घेऊन येते. घराला कुलूपच." तिचं काही चुकत नव्हतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, रात्री-बेरात्री पडला झडला तर पाहायला कोण? मी आत येऊन सरांना सांगितलं. हे उठून मागच्या खोलीत गेले, मशीनचं झाकण काढून पाहिलं. मग म्हणाले, "त्याच्या आधी आवाज बंद करतो. गिअर काढून बेल्ट बसवतो."

मी म्हटलं, "भाऊ गाव सोडून चालला अन् तुम्ही बेल्ट बसवता?"

"त्या आवाजानंच दादाचं मन उठलं माझ्यावरून. आवाज गेला की बोलन तो. जायच्या आधी एकदा बोलला पाहिजे, विजया. तिकडे गेल्यावर मग काय भरोसा."

हे अशा आवाजात म्हणाले की माझ्याने पुढे भांडवलं नाही.

तर गिअर काढायचे अन् त्यांच्या जागी पट्टा घालायचा, असं ते काम होतं. मोटरीवर एक छोटी पुली, कोरणाऱ्या दांड्यावर एक मोठी, मधात रबरी पट्टा. गिअर एकमेकांवर दात घासतात म्हणून ओरडतात, पट्टा चूपचाप ओढतो. हे सगळं सरांनी मला पोळ्या होता होता समजावलं. पोळ्या मी करत होती.

समजावणं सोपं, करणं कठीण. पुली कोरायला मशीन पाहिजे, अन् मशीन तर खोलून टेबलभर पसरलेली. मग पांढुर्ण्याला खरादवाल्याकडे जायचं ठरलं, म्हणजे जो लोखंड फिरवून सोलून देतो त्याच्याकडे. यांच्या पाठीत उसण, म्हणून मोटरीची पिशवी धरायला मी सोबत. रविवारचा एक दिवस मिळतो मला, तोही खरादवाल्याच्या तेलकट स्टुलावर गेला. पांढुर्णा जिल्हा झाला, पण स्टूल काही बदललं नाही.

पुल्या करायला टाकल्या अन् पट्टा घ्यायला दुकानात गेलो. सर म्हणाले, "मिलसाठी पट्टा द्या." आता आमच्या भागात मिल म्हणजे दाल मिल, आटा मिल, नाहीतर कापसाची जिनिंग. दुकानदाराने माझ्या मनगटाएवढा जाड पट्टा काउंटरवर आपटला अन् विचारलं, "चक्की किती हॉर्सची आहे सर?" सर त्याला मिलिंग अन् मिल यातला फरक समजावत बसले. मागे गिऱ्हाइकांची रांग. मी म्हटलं, "चला हो." बारीक पट्टा शेवटी नागपूरहून मागवावा लागला.

पण बातमीला काही नागपूरहून यावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येते तर शेजारची पूनम दारात गव्हाचा डबा घेऊन उभी. "काकू, सर चक्की टाकून राहिले म्हणे. पहिला नंबर माझा लावून ठेवा." तिला सांगितलं की बाई, पीठ नाही पडत या मशीनमधून, लोखंडाचा भुसा पडते. ती म्हणाली, "मग कायले टाकली?" तिला चहा पाजून परत पाठवली.

त्याच दिवसांत एका दुपारी, मशीन अशी खोलून पडलेली असताना, भिंतीवर काठी वाजली. ठक ठक, थांबून ठक. सरांच्या हातात तेलाने माखलेला गिअर होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. घरात मिक्सरसुद्धा सुरू नव्हता. पुन्हा ठक ठक, ठक. सर एरवी आवाज चढवत नाहीत, पण त्या दिवशी गिअर टेबलावर टाकून म्हणाले, "आता काय ठोकून राहिला? आता तं मशीनही बंद आहे. म्हणजे मी नुसता बसलो तरी याले त्रास?" मी म्हटलं, जाऊन विचारा. हे म्हणाले, काही विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोकलं, तिसऱ्याही दिवशी. सर नुसते खाली मान घालून कानशीने लोखंड घासत राहिले. मग ठोकणं थांबलं.

"पाहा," सर म्हणाले, "थकला शेवटी." तोंड मात्र जिंकलेल्या माणसाचं नव्हतं.

पुढचे दिवस मला टॉर्च धरायचं काम. वरच्या पत्र्यात छिद्र पाडलं ते सरकून पडलं, पट्टा ढिला बसला, फिरवला की नुसता घसरायचा. मग त्या छिद्राची कानशीने लांब खाच केली, म्हणजे मोटर मागे ओढून पट्टा ताणता येतो. त्यात सरांची बोटं सोलली. वरणाला फोडणी द्यायची वेळ अन् हे मला हाक मारत, "विजया, जरा इकडे धर, सरळ धर, तुझा हात काहून हालून राहिला?" हात हालून राहिला कारण तो सकाळपासून फळ्यावर लिहून राहिला होता. पण बोलली नाही. तुळशीचं लग्न जवळ येत होतं अन् या माणसाला तेवढ्यात आपला भाऊ परत मिळवायचा होता, हे मला दिसत होतं.

दिवाळी झाली अन् एकदाचा पट्टा बसला. सरांनी बटण दाबलं. मी कानावर हात ठेवायला गेली, पण ठेवायचं कामच पडलं नाही. नुसती गुणगुण. माझ्या स्वयंपाकघरातला पंखा जास्त बोलतो. सरांनी पितळेच्या तुकड्यावर एक खाच मारून पाहिली, बंद केली, पुन्हा सुरू केली. मग भिंतीकडे पाहून थांबले. तिकडून काही आलं नाही. "आता कशाला ठोकन?" सर म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ते हसताना दिसले.

मग सुरू झालं वाट पाहणं. सर दुपारी तासभर मशीन चालवत अन् चहा घेऊन अंगणात खुर्ची टाकत, भासऱ्यांच्या दाराकडे तोंड करून. भाऊ येईन, म्हणन, दत्तू, बरं केलं. भाऊ काही आला नाही. भासरे दिवसातून एकदा दार उघडत, दूध घेत अन् दार लावत. तुळशीचं लग्न लागलं, मी दोन्ही घरच्या तुळशीपुढे दिवा ठेवला, बोरं-आवळे वाहिले. मृणालचा फोन आला की उद्या दुपारपर्यंत पोचते. सरांनी ऐकलं अन् म्हणाले, "एवढं केलं त्याच्यासाठी, तरी नाही आला. जाऊ दे मग." मला राग आला. यांचाही आला अन् त्यांचाही आला. दोन शिकलेसवरले म्हातारे अन् मधात मी वाट्या पोचवते.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. संध्याकाळ व्हायच्या आधी मी वाटी घेऊन भासऱ्यांच्या ओट्यावर गेली. पाहते तर कालची वाटी तशीच झाकलेली. दार उघडं होतं, भासरे आत पलंगावर बसले होते. बाजूला बांधलेली बॅग. मी पदर घेतला अन् खाली बसली. मनी उन्हात लोळत होती.

"मने," मी म्हटलं, "काल जेवले नाही काय विचार."

आतून आवाज आला. "मने, भूक नाही म्हणा. अन् विचार तिले, दत्तू बरा हाय ना?"

"बरे आहेत म्हणा, मने."

"मंग मशीन काहून बंद हाय?" पलंग करकरला. "लोक म्हणते चक्की टाकून राहिला. म्या म्हटलं टाकू दे. पण चक्कीचा तं आवाज येते. मी ठोकलं, तिकडून काहीच नाही. दुसऱ्या दिवशी ठोकलं, तरी नाही. मले वाटलं पडला-बिडला की काय. उठून खिडकीपाशी आलो अन् पाहून गेलो. बसला होता, कानस घासून राहिला होता. जागाच होता तो." मी मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, दुसरं काय करणार. "सांग म्हणा त्याले, मने. दत्तूनं जागल मोडली. मोडली तं मोडली. मी तं उद्या चाललोच."

मला धड काही समजलं नाही. पण वाटी तिथेच ठेवून मी घरी आली. सर मागच्या खोलीत मशीनवर काम करत होते. मशीन सुरू आहे हे मला जवळ गेल्यावर समजलं.

"भाऊजी म्हणतात, तुम्ही जागल मोडली."

सरांचा हात चाकावरच थांबला. मग त्यांनी बटण बंद केलं अन् स्टुलावर बसले. चेहरा असा झाला की मी पाणी आणायला वळली. हे म्हणाले, "थांब. पाणी नको."

मग सांगितलं. मोहगावला यांच्या वडिलांचं वावर होतं, तेव्हा तिथे ज्वारी असे. रानडुकरं यायची, म्हणून दोघा भावांना रात्रीच्या राखणीला पाठवत. त्या राखणीला म्हणायचे जागल. वावराच्या एका टोकाला मोठ्या भावाचा माळा, म्हणजे उंच मचाण, दुसऱ्या टोकाला यांचा. दोघांनी आपापला टिनाचा डबा वाजवत राहायचा, जनावर दूर राहावं म्हणून. अन् मधूनमधून एकाने खूण करायची. ठक ठक, थांबून ठक. म्हणजे मी जागा हाव, तू हाय काय? दुसऱ्याने ते ऐकलं की आपला डबा जरा वेळ थांबवायचा. डबा आधीच बंद असला तर तीच खूण उलटून द्यायची. थांबला म्हणजे ऐकलं. म्हणजे जागा आहे, जीव आहे. मग पुन्हा वाजवायला सुरुवात.

"अन् नाही थांबला तर?" मी विचारलं.

"उत्तर नाही आलं तर माळ्यावरून उतरून पाहायला जायचं. तशी रीतच होती. एकदा मला झोप लागली, तर दादा अंधारात पुरं वावर तुडवत आला होता. अनवाणी."

मी भिंतीकडे पाहिलं. वर्षभर तो माणूस तिकडून विचारत होता, तू हाय काय? अन् वर्षभर हे मशीन थांबवून सांगत होते, हो, आहे. यांना वाटे आपण शिव्या खाऊन राहिलो. एवढी पोरं शिकवली यांनी, ध्वनी असा जातो अन् तसा जातो, अन् घरच्या भिंतीतून काय येऊन राहिलं ते समजलं नाही. मला बोलायचं होतं, चांगलं झाडायचं होतं. पण सरांचे डोळे पाहून जमलं नाही. अन् मी तरी कुठे समजली होती.

सरांनी टेबलावरून लाकडी हातोडी उचलली अन् भिंतीवर मारली. ठक ठक, थांबून ठक.

आम्ही दोघंही कान लावून उभे राहिलो. तिकडून काही नाही.

सरांनी पुन्हा ठोकलं, जरा जोरात. चुन्याचे पोपडे मशीनवर पडले. तिकडून काही नाही. तिसऱ्यांदा ठोकून यांनी भिंतीलाच कान लावला.

"नाही देत तो उत्तर," सर म्हणाले. "संपलं."

"मग रीत काय आहे?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हातोडी ठेवली अन् निघाले. चप्पल दारातच राहिली, तशीच तेलकट बनियन, तसेच हात. अंगण ओलांडताना यांची पाठ वाकली होती, उसण भरल्यासारखी. मी मागून गेली अन् ओट्याच्या पायरीपाशी थांबली.

भासरे पलंगावर तसेच बसले होते. काठी दोन्ही हातांत धरलेली. सर उंबऱ्यात उभे राहिले.

"दादा, म्या ठोकलं," सर म्हणाले. एवढ्या वर्षांत मी यांच्या तोंडून 'म्या' ऐकलं नव्हतं.

"ऐकलं."

"मंग उत्तर काहून नाही देल्लं?"

भासऱ्यांनी आपल्या भावाच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "देल्लं असतं तं तू आला असता काय?"

तो जो एक शब्द होता, तो सर तेव्हाही बोलले नाहीत. ते पलंगाच्या पायाशी खाली बसले अन् रडले, वहिनीचं नाव घेऊन रडले. तेरवीच्या वेळेचं ते सगळं रडणं अंगात तसंच होतं. भासऱ्यांनी काठी बाजूला ठेवली अन् यांच्या डोक्यावर हात ठेवला. बॅग तिथेच बाजूला होती. मृणाल उद्या येणारच होती, अन् ते जातील की राहतील ते मला अजून माहीत नव्हतं.

मी मनीला शोधलं, तर ती कुठेतरी निघून गेली होती. मग मी पदर सावरला अन् दारात जाऊन म्हटलं, "भाऊजी, चहा टाकते."

भासऱ्यांनी वर पाहिलं. डोळे पुसले.

"साखर कमी टाक, विजया," ते म्हणाले.

माझं नाव त्यांना माहीत आहे, हे मला त्या दिवशी समजलं.